कागदाहून दुबळा जोड

(पडद्यावर: दिव्याखाली एक फाटलेलं पान. फाटलेल्या रेघेवर पिवळी पडलेली चिकटपट्टी. हात तिच्या टोकाखाली पातळ पाती सरकवतायत.)

ही पट्टी कुणीतरी मायेनंच लावली असणार. पान फाटलं, जीव हळहळला, खणातून सेलोटेप काढला आणि चिकटवून टाकला. पान वाचलं, असं त्या माणसाला वाटलं.

ग्रंथालयातली जुनी पुस्तकं दुरुस्त करायला शिकायचं म्हणजे पहिल्याच दिवशी हातात सुई-दोरा येणार, अशी माझी समजूत होती. आली ती ही पाती. पहिले कित्येक दिवस आधीच्यांनी केलेली दुरुस्ती सोडवण्यातच गेले.

सेलोफेनची चिकटपट्टी बाजारात आली 1930 साली. तिच्यावरचा चिकट थर रबराचा. सुरुवातीची काही वर्षं तो गुमान काम करतो. मग हवेनं पिवळा पडतो, तेलकट होतो, कागदात झिरपतो. शेवटी वरची पारदर्शक फीत वाळून आपोआप गळते आणि खाली राहतो तपकिरी डाग. तो पाण्यानं निघत नाही. त्याला रासायनिक द्रावक लागतं, आणि द्रावक डागाबरोबर शाईलाही हात घालू शकतं. लहानपणी ग्रंथालयाच्या एका पुस्तकाला अशी पट्टी मीही लावलीय, कुणाला कळू नये म्हणून. आता कुणीतरी ती सोडवत बसलं असेल.

(पडद्यावर: मंद आचेवर पातेलं. पांढुरकं पाणी हळूहळू दाट होतंय.)

ही खळ. गव्हाच्या पिठातलं ग्लूटेन काढून टाकल्यावर जो स्टार्च उरतो, त्याची. पाण्यात भिजवायची, मंद आचेवर ठेवायची आणि ढवळत राहायचं. अर्धा तास, कधी त्याहून जास्त. हात थांबला की गुठळी झालीच. निवली की चाळणीतून गाळायची, तीही दोन-तीनदा, आणि पाणी घालून साईसारखी करायची. चार-सहा दिवसांत ती आंबते. मग फेकून द्यायची आणि पुन्हा पातेलं चढवायचं.

बाजारात तयार गम असताना हा खटाटोप कशासाठी? कारण ही खळ उद्या सुटते. पन्नास वर्षांनी कुणाला वाटलं की हा जोड चुकलाय, तर ओलसर टिपकागद ठेवून तो सोडवता येतो. शिकणाऱ्याला हे मुळीच रुचत नाही. आपण केलेलं काम पक्कं असावं, असंच कुणालाही वाटतं. इथे उलट आहे. जोड कागदाहून दुबळा हवा. ताण आला तर आधी जोड सुटावा, पान शाबूत राहावं. पट्टी कागदाहून बळकट असली, की पान त्या पट्टीच्या कडेला लागूनच नव्यानं फाटतं.

(पडद्यावर: पातळ, अर्धपारदर्शक कागद. कुंचल्यानं त्यावर पाण्याची रेघ ओढली जाते.)

जोडासाठी वापरतात तो जपानी कागद, कोझो नावाच्या झाडाच्या सालीचा. त्याचे तंतू लांब असतात, सेंटीमीटरभर तरी. लाकडाच्या लगद्याचे तंतू त्याच्यापुढे अगदी आखूड. हा कागद कात्रीनं कापायचा नाही. पाण्याची रेघ ओढायची आणि रेघेवर हळूच ओढून फाडायचा. कडेला तंतूंची बारीक लव सुटते. ती लव पानावर अशी बसते की बोट फिरवलं तरी कड लागत नाही.

फाटलेलं पान नीट बघा. फाटलेली कड सरळ नसते, तिरकी असते. एका बाजूला वरचा थर पुढे आलेला, दुसऱ्या बाजूला खालचा. कोणता ओठ वर आणि कोणता खाली, हे आधी जुळवायचं. ते उलटं झालं तर अक्षराच्या मधोमध पांढरी रेघ दिसते. मग त्या ओठांना अगदी पुसटशी खळ, वरून कोझोची पट्टी, तिच्यावर न चिकटणारा कागद, मग टिपकागद, मग वजन. थोड्या वेळानं टिपकागद बदलायचा.

माझा पहिला जोड बघण्यासारखा होता. खळ जास्त झाली, पान आक्रसलं, आणि तो न चिकटणारा कागद घालायलाच मी विसरले. सकाळी वजन उचललं तर पान, पट्टी आणि टिपकागद असं तिघांचं एकत्र कुटुंब झालेलं. सुदैवानं सराव रद्दीतल्या पुस्तकावर होता. तो रद्दीवरच करायचा असतो, हेही तेव्हा पटलं.

(पडद्यावर: चिखलानं माखलेल्या पुस्तकांच्या ढिगांची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

4 नोव्हेंबर 1966. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीला पूर आला. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरांत पाणी, चिखल आणि घरं गरम ठेवण्यासाठी साठवलेलं तेल, सगळं एकत्र शिरलं. देशोदेशीचे तरुण चिखलातून पुस्तकं हातोहात बाहेर काढत होते. इंग्लंडहून पुस्तकबांधणी करणारे पीटर वॉटर्स आणि त्यांचे सहकारी आले. एवढी पुस्तकं एकाच वेळी धुवायची, वाळवायची, पुन्हा शिवायची, याची पद्धतच नव्हती. ती काम करता करता बसवावी लागली. पुस्तकांचं जतन आज ज्या रीतीनं शिकवतात, तिची बरीचशी मुळं त्या चिखलात आहेत.

तिथे काम करणाऱ्या ख्रिस्तोफर क्लार्कसन यांच्या एक गोष्ट लक्षात आली. जाड पुठ्ठे आणि पाठीवर सरसाचा थर अशी भारदस्त बांधणी पाण्यात फुगली, उकलली. पण नुसत्या लवचीक चर्मपत्रात शिवलेली, सरस जवळजवळ न लावलेली साधी पुस्तकं त्यामानानं पुष्कळ तगली. बांधणीला वाकायला जागा होती. या निरीक्षणावर त्यांनी 1982 साली एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली.

(पडद्यावर: रोज देवघेवीत फिरणारी पुस्तकं. एकाचा पुठ्ठा लोंबतोय.)

आता इथे थोडा मुरड घालायचा मुद्दा. दुर्मीळ ग्रंथाला लावायचे नियम देवघेवीच्या कादंबरीला जसेच्या तसे लावले, तर कपाटं रिकामी होतील आणि टेबलावर डोंगर साचेल. फिरत्या पुस्तकाची बिजागरी, म्हणजे पुठ्ठा आणि पानांचा गठ्ठा जिथे जोडलेला असतो ती जागा, सैल झाली तर तिथे पीव्हीए, म्हणजे बाजारातला तयार पांढरा गम चालतो. विणकामाची सुई गमात बुडवायची, गठ्ठा आणि पुठ्ठा यांच्यामधल्या फटीत सरकवायची, फिरवत फिरवत बाहेर काढायची. आत मेणकागद, बाहेरच्या खाचेत एक सळई, वर रात्रभर वजन. दहा मिनिटांचं काम. हा जोड सहज सुटत नाही, हे खरं. पण त्या पुस्तकाला दोनशे वर्षं जगायचं नाही, अजून दोनशे वाचकांपर्यंत पोचायचं आहे. पानांना मात्र हा गम लावायचा नाही, कितीही घाई असली तरी.

आणि काही पुस्तकांना हातच लावायचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा कागद आला. त्यात शाई पसरू नये म्हणून तुरटी आणि राळ घालत. त्यातून आम्ल तयार होतं आणि तंतू आतून तुटत जातात. अशा पानाचा कोपरा दोन-तीनदा इकडून तिकडे दुमडला की बिस्किटासारखा मोडतो. त्याला कोझो लावली तर पट्टी टिकते आणि शेजारचा कागद तुटतो. त्याला मापाची पेटी करायची, छायाप्रत काढून ठेवायची आणि गप्प बसायचं. गप्प बसणं शिकायला मला खळ शिजवण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

(पडद्यावर: पहिल्या दृश्यातलं पान. चिकटपट्टी नाही. फिकट डाग अजून आहे.)

डाग थोडा राहिला. आणखी ओढला असता तर खालची दोन अक्षरं गेली असती. काय काढलं, काय लावलं, हे पेन्सिलीनं नोंदवहीत लिहिलंय. पुस्तक कपाटात परत जातंय.

पुस्तक बाहेर काढताना शेजारची दोन किंचित आत ढकलायची आणि मधलं दोन्ही बाजूंनी धरून काढायचं. कपाटावर तशी पाटी लावलेली आहे.

(पडद्यावर: एक वाचक येतो. मान तिरकी करून नावं वाचतो. हेच पुस्तक त्याला हवंय. त्याचं बोट पाठीच्या वरच्या टोकाकडे जातं.)