संशोधकाची प्रश्नावली आणि ओपीडीची रांग

सरकारी आरोग्य केंद्रांत मानसिक आरोग्यावर संशोधन करणार असाल, तर काय सांभाळायचं? गोव्यातल्या ‘मानस’ प्रयोगापासूनच सुरुवात करू. ‘संगाथ’ संस्था आणि लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन यांच्या संशोधकांनी तिथं १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी दवाखान्यांत नैराश्य-चिंतेच्या उपचाराची एक पद्धत तपासली. समुपदेशक स्थानिक होते, थोड्या प्रशिक्षणातून तयार झालेले. औषधांचं डॉक्टर बघत, अवघड रुग्णांसाठी मनोविकारतज्ज्ञ अधूनमधून येत. निष्कर्ष २०१० साली छापून आले. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत बरे झालेले ६५.९ टक्के, नेहमीचेच उपचार चालू असलेल्या, तुलनेच्या केंद्रांत ४२.५. खासगीत फरक दिसला नाही, कारण तिथं नेहमीच्या उपचारानंही बरे होणारे मुळात जास्त होते. म्हणजे तीच पद्धत, तेच राज्य, पण ज्या सेवेत ती बसवली तिच्यावर निकाल ठरला.

म्हणून प्रश्न ठरवण्याआधी ओपीडीत बसा. रुग्ण केस पेपर कुठं काढतो, डॉक्टरांसमोर किती मिनिटं असतो, औषध कुठल्या खिडकीवर घेतो, याचा नकाशा काढा. चाळणीची, म्हणजे कुणाला त्रास असू शकतो हे ओळखण्याची प्रश्नावली केस पेपर काढल्यानंतर आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी, रांगेतल्या वेळेत भरून घेतली तर चालते. डॉक्टरांनी स्वतः भरायची ठेवली, तर दुपारी एक वाजता उरलेल्या सगळ्या रुग्णांपुढे ‘शून्य’ लिहिलेलं सापडेल. त्यांचा दोष नाही.

पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरणार असाल, तर नववा प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा आहे, हे ध्यानात ठेवा. एकूण गुण कमी असले तरी त्या प्रश्नाचं ‘हो’ त्याच दिवशी हाताळावं लागतं. कोण बोलणार, खोली कुठली, जिल्हा रुग्णालयात फोन कुणाला, हे पहिली प्रश्नावली भरायच्या आत कागदावर हवं. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी म्हणजे ही व्यवस्था नव्हे.

परवानगीच्या पत्राबद्दल थोडक्यात: आरोग्य संचालनालयाचं पत्र आणलं म्हणजे काम झालं, असं नाही. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि केंद्राचे वैद्यकीय अधिकारी यांना वेगळं भेटा. प्रकल्प तीन वर्षांचा, आणि बदली त्याच्या मध्येच होते. त्यामुळे करार व्यक्तीशी न होता पदाशी व्हावा, आणि नवा अधिकारी आला की पुन्हा माहितीची बैठक घ्यावी.

सर्वांत जास्त प्रकल्प पगाराच्या ओळीवर बुडतात. समुपदेशकाचं मानधन अनुदानातून येतं. अनुदान थांबलं की रुग्ण अर्ध्या उपचारावर राहतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या आराखड्यात ते पद मागायचं असेल, तर खर्चाचे आकडे आरोग्य विभागाच्या हाती प्रकल्प चालू असतानाच पडले पाहिजेत. शोधनिबंध छापून येईपर्यंत थांबलात, तर मधल्या काळात समुपदेशक दुसरीकडे लागलेला असतो. औषधांचंही तसंच. संशोधनाच्या पैशातून फ्लुओक्सेटिनसारखं नैराश्यावरचं औषध वाटू नका. केंद्राच्या मागणीपत्रातून येऊ द्या, म्हणजे साठा कुठं तुटतो तेही कळेल.

माहितीसाठी केस पेपरचा क्रमांक नको, वेगळा सांकेतिक क्रमांक द्या. दोन्ही जोडणारी यादी केंद्रातच कुलपात राहू दे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो आणि संशोधनासाठी रुग्णाची स्वतंत्र संमती मागतो. उपचाराच्या संमतीवर भागवता येत नाही.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे. निकाल विभागाला अडचणीचा निघाला तर? करारात आधीच लिहा: मसुदा विभागाला ३० दिवस आधी मिळेल, चुका दाखवता येतील, उत्तर जोडता येईल, छापणं थांबवता येणार नाही. हे कलम पहिल्या बैठकीत मागितलं तर सहसा मिळतं. निकाल हाती आल्यावर मागून मिळत नाही.