चेहरा ओळखीचा, मालिका नवी

नमस्कार श्रोतेहो.

ऑगस्ट २०२५ मध्ये झी मराठीवर 'वीण दोघांतली ही तुटेना' सुरू झाली, त्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात एकच वाक्य फिरत होतं, 'अगं, जान्हवी परत आली!' आता या मालिकेत जान्हवी नावाचं कुणीच नाही. तेजश्री प्रधान इथे स्वानंदी आहे. त्याआधी ती 'प्रेमाची गोष्ट'मध्ये मुक्ता होती, त्याआधी 'अग्गंबाई सासूबाई'मध्ये शुभ्रा. जान्हवी होती ती 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये, आणि ती मालिका २०१३ची. पण 'काहीही हं श्री' म्हणणारी ती मुलगी लोकांच्या मनातून जायला तयारच नाही.

आवडत्या कलाकाराच्या मागोमाग नव्या मालिकेत जायचं, ही आपली सवय जुनीच. त्यात वावगंही काही नाही. नाटकाला आपले आजोबा नाटकाचं नाव विचारायच्या आधी 'काम कुणाचं आहे?' असं विचारायचे. फक्त नाटक तीन तासांत उरकायचं. मालिकेचं तसं नसतं, ती वर्ष-दोन वर्षं रोज संध्याकाळी घरात येऊन बसते. म्हणून अपेक्षाभंगही रोज थोडा थोडा, हप्त्याहप्त्याने होतो.

मला विचाराल तर प्रश्न एवढाच आहे की कलाकार एका मालिकेतून दुसरीत जातो, तेव्हा त्याच्यासोबत नेमकं काय जातं? आवाज जातो. बोलायची लय जाते. रेडिओ ऐकणाऱ्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको, तुम्ही स्वयंपाकघरातून नुसता आवाज ऐकून सांगाल की ही कोण ते. डोळे, चाल, वाक्य तोडायची पद्धत, हे सगळं जातं. बाकी बरंच काही मागेच राहतं. जान्हवी आठवून बघा. तिच्या भोवती सहा सासवा होत्या, त्यात रोहिणी हट्टंगडींची आईआजी, गोखले गृहउद्योग, आणि समोर शशांक केतकरचा श्री. 'काहीही हं' म्हणायला समोर काहीही बोलणारा श्री लागतो. ते वाक्य कुणीतरी लिहिलं होतं. ही सगळी मंडळी तेजश्रीबरोबर सामान उचलून पुढच्या सेटवर गेली नाहीत, आणि जाणारही नव्हती.

याची उलटी परीक्षा २०२१ मध्ये झाली. 'अग्गंबाई सासूबाई' संपली आणि तिचा पुढचा भाग म्हणून 'अग्गंबाई सूनबाई' आली. शुभ्राची सासू, निवेदिता सराफांची आसावरी तीच, तिचे दुसरे पती, गिरीश ओकांचे अभिजित राजे तेच. शुभ्रा मात्र बदलली, तेजश्रीच्या जागी उमा पेंढारकर आली. शुभ्राचा नवरा बबड्याही बदलला, आशुतोष पत्कीच्या जागी अद्वैत दादरकर. लोकांनी चेहरा बदलला म्हणून नाकं मुरडली, पण माझ्या मते खरी गोम तिथे नव्हती. पहिल्या मालिकेतली शुभ्रा सासूचं दुसरं लग्न लावून देणारी, घरातल्यांना तोंडावर सुनावणारी. दुसऱ्या मालिकेत तिला दबलेली, आत्मविश्वास हरवलेली दाखवली. तेजश्री असती तरी त्या लिखाणात ती जुनी शुभ्रा सापडली नसती. राग मात्र सगळा नव्या मुलीच्या पदरात. जानेवारी २०२५ मध्ये 'प्रेमाची गोष्ट'मधून तेजश्री बाहेर पडली आणि स्वरदा ठिगळे मुक्ता झाली, तेव्हाही तेच. जणू नव्या आलेल्या मुलीने जुनीला हाताला धरून बाहेर काढलं होतं!

मालिका चालते कशी, हे थोडं माहीत असलं की हा त्रागा कमी होतो. मालिकेची गोष्ट वाहिनी ठरवते, निदान तिचा शेवटचा होकार वाहिनीचा असतो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. आकडा घसरला की लेखकाच्या खोलीत गडबड सुरू होते, कारण हाताशी तयार भाग थोडेच असतात. मग एखादा ट्रॅक गुंडाळला जातो, नवी खलनायिका दारात उभी राहते, नाहीतर सरळ काही वर्षांचा लीप. कलाकाराने होकार दिला तेव्हा ऐकलेली गोष्ट सहा महिन्यांनी तीच असेल याची खात्री त्यालाही नसते, मग आपल्याला कुठून असणार? आणि प्रोमो? तो आधी, वेगळा, निवांतपणे केलेला असतो. त्यातला उजेड, ते संगीत, ती एक नजर रोजच्या भागात शोधत बसू नये. रोज एक भाग उभा करायचा असतो हो, तिथे नजरेला वेळ कुठला!

सुबोध भावेंचं उदाहरण तर मजेशीर आहे. २०१८ मध्ये 'तुला पाहते रे' आली तेव्हा लोक आधीच त्यांच्या प्रेमात. लोकमान्य, बालगंधर्व पडद्यावर साकारलेला माणूस. आता विक्रांत सरंजामे म्हणून रोज रात्री घरी येणार. विक्रांत आणि त्याच्याहून खूप लहान नायिका, या दोघांच्या वयातल्या अंतरावरून चर्चा झाल्या, भांडणं झाली. आणि मग हा विक्रांतच खलनायक निघाला. कितीतरी घरांत हा विश्वासघात वाटला. 'सुबोध भावे असं कसं करू शकतात?' अहो, त्यांनी कुठे काय केलं! मला विचाराल तर त्यांच्या कामातला सगळ्यात चुरचुरीत भाग तोच होता. त्यानंतर २०२० मध्ये ते कलर्स मराठीवर 'चंद्र आहे साक्षीला'मध्ये आले, आणि ती मालिका वर्षभरही टिकली नाही. माणूस तोच, तयारी तीच. वाहिनी वेगळी, वेळ वेगळी, गोष्ट वेगळी. नुसत्या नावावर प्रेक्षक पहिले काही दिवस येतो, पुढचं काम गोष्टीचं.

मग मागे जाऊच नये का? छे, जावंच. पण जुनी भूमिका शोधायला जाऊ नये, तोच कलाकार आता वेगळं काय करतोय ते बघायला जावं. शशांक केतकर बघा. श्री म्हणजे आज्ञाधारक, सगळ्या आयांचा लाडका. २०२१ मध्ये 'पाहिले न मी तुला'मध्ये तो समर झाला, लग्न झालेल्या आपल्याच कर्मचारी मुलीवर डोळा ठेवणारा बॉस. हसू तेच होतं, श्रीचंच. फक्त ते ओठांवर क्षणभर जास्त रेंगाळायचं आणि डोळ्यांपर्यंत पोचायचं नाही. एवढ्या फरकाने अंगावर काटा यायचा. मालिका फार चालली नाही, पण ते काम बघितलेल्यांना 'मुरांबा'मधला त्याचा अक्षय बघताना वेगळीच गंमत आली असणार. हर्षदा खानविलकरांचंही तेच. 'पुढचं पाऊल'च्या आक्कासाहेब साडीची निरी सावरत नुसत्या आल्या तरी घर गप्प व्हायचं. 'रंग माझा वेगळा'मध्ये रंगाचा अट्टहास धरणारी सौंदर्या. आणि आता 'लक्ष्मी निवास'मध्ये स्वतःच्या घरासाठी झुरणारी मध्यमवर्गीय लक्ष्मी. ज्यांना आक्कासाहेबांचा दरारा हवा होता, त्यांची लक्ष्मीकडे पहिल्या आठवड्यात निराशा झाली असेल. मला ही लक्ष्मी आवडते, खांदे जरा पाडून चालते ती.

मी स्वतः नव्या मालिकेला दोन आठवडे देते. पहिल्या सोमवारी काहीच ठरवत नाही. त्या दिवशी सगळी पात्रं आपापली नावं आणि नाती मोठ्यांदा सांगत फिरत असतात, 'काय गं ताई, तू माझी मोठी बहीण ना' अशा थाटात. दोन आठवड्यांनी गोष्ट धरत नसेल, तर कलाकार कितीही आवडता असो, मी टीव्ही बंद करते. त्यात बेइमानी कसली? आणखी एक करते. शेवटी नावं भराभर सरकतात, ती आता मोबाइलवर थांबवून वाचता येतात. लेखक कोण, संवाद कोणाचे, दिग्दर्शक कोण.

याला एक कारण आहे. २०१२ची 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' तुम्हाला आठवत असेल, घना आणि राधा. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे ही जोडी आपल्याला २०१०च्या 'मुंबई-पुणे-मुंबई'तून माहीत होती, आणि आपण तिच्या मागे मालिकेत गेलो. पण दोन्हीकडे दिग्दर्शक सतीश राजवाडे होते, 'असंभव' आणि 'अग्निहोत्र' करणारे. म्हणजे नुसते दोन चेहरे आले नव्हते, त्यांच्यातली गंमत ओळखणारा माणूसही बरोबर आला होता. ती जोडी पुढे मालिकांत वेगळी झाली. २०२१ मध्ये मुक्ता 'अजूनही बरसात आहे'मध्ये उमेश कामतबरोबर आली, २०२२ मध्ये स्वप्नील 'तू तेव्हा तशी'मध्ये शिल्पा तुळसकरबरोबर. घना-राधाची आस धरून बसलेल्यांना दोन्हीकडे चुकल्यासारखं वाटलं, हे मी कितीदा ऐकलंय.

पण याच मुक्ताच्या मागे मी २०१७ मध्ये झी युवावर गेले होते, 'रुद्रम'साठी. राधाचा खट्याळपणा तिथे औषधालाही नव्हता. सूडाने पेटलेली रागिणी, जवळजवळ न हसणारी. माझ्या ओळखीतल्या दोघी-तिघींनी 'ही आपली मुक्ता नव्हे' म्हणून पहिल्याच आठवड्यात सोडून दिली. ती मालिका ठरावीक भागांची होती, पाणी घालून वाढवलेली नव्हती, आणि गोष्ट संपली तेव्हा संपली. त्या मैत्रिणींना मी अजून सांगते, वेळ काढा आणि बघा. तुम्हालाही तेच सांगते. नमस्कार.