पाहुण्या प्रशिक्षकांची पंचेचाळीस मिनिटे

आरशासमोर एक जोडी वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचे बॉलरूम नृत्य, नाचते आहे. बाजूला उभे असलेले प्रशिक्षक अजून काहीच बोललेले नाहीत. ते फक्त टाचांकडे पाहत आहेत. बाहेरून आलेले हे पाहुणे दोन-तीन दिवसच थांबणार असून त्यांच्या वेळातली पंचेचाळीस मिनिटे या जोडीच्या वाट्याला आली आहेत.

बॉलरूम नृत्यात पाहुणे प्रशिक्षक बोलावण्याची पद्धत चांगलीच रुळलेली आहे. त्यांच्यातले बरेच जण स्वतः स्पर्धांत नाचलेले असतात, काही जण परीक्षणही करतात. नेहमीचे शिक्षक कमी पडतात म्हणून त्यांना बोलावले जाते, हा समज मात्र बरोबर नाही. तीच जोडी आठवडेच्या आठवडे पाहणाऱ्या डोळ्यांना तिच्या चुकाही सवयीच्या होऊन जातात, इतकेच.

संगीत थांबते. चूक सापडली आहे आणि ती जेमतेम बोटभर उंचीची आहे. वॉल्ट्झच्या नॅचरल टर्नमध्ये, म्हणजे उजवीकडे घेतल्या जाणाऱ्या वळणात, पहिल्या मात्रेच्या अखेरीस शरीर वर चढू लागते, दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेत चढत राहते आणि तिसरी संपता संपता खाली उतरते. परंतु पहिले पाऊल मागे टाकणाऱ्या जोडीदाराने ही चढण पाय आणि धड यांच्या ताणातून साधायची असते, आणि त्यानंतरच्या पावलावर पूर्ण भार जाईपर्यंत मागे टाकलेल्या पायाची टाच जमिनीवरून सुटू द्यायची नसते. इथे ती आधीच सुटत होती, त्यामुळे तोल ढळत होता आणि तो सावरताना हात जोडीदाराच्या दंडावर रेलत होता. गेले कित्येक महिने दुरुस्ती चालली होती ती या हाताची!

वॉल्ट्झची गती मिनिटाला २८ ते ३० बार (एक बार तीन मात्रांचा), म्हणजे एका मात्रेला पाऊण सेकंदही मिळत नाही. एवढ्या वेळात टाचेचा विचार करणे शक्य नसते. म्हणून उरलेला सारा वेळ संगीताविना त्या एकाच पावलाला दिला जातो. पैसे मोजून नव्या फिगर, म्हणजे पावलांच्या ठरावीक रचना, शिकायला आलेल्यांची यात थोडी निराशा होते खरी.

भिंतीलगतच्या बाकावर नेहमीच्या शिक्षिका वहीत टिपणे घेत आहेत. मागच्या खेपेच्या प्रशिक्षकांनी मान आणखी डावीकडे न्यायला सांगितली होती, आजच्यांनी ती आहे तिथेच ठेवायला सांगितली. दोघांपैकी कोणाचे, कधी आणि किती धरायचे, हे आता शिक्षिकांनाच ठरवायचे आहे. त्या मानेविषयीच्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढतात आणि टाचेविषयीची ओळ दोनदा अधोरेखित करतात.

पाहुणे पुढच्या जोडीकडे वळले आहेत. ही जोडी कोपऱ्यात सरकून तेच पाऊल पुन्हा टाकते आहे, मोठ्याने मात्रा मोजत.