फाइल बंद झाल्यावर

(जुनी कृष्णधवल चित्रफीत. बर्लिन, रात्र.)

10 मे 1933. बर्लिनचा ऑपेरा चौक. जळतायत ती पुस्तकं आहेत आणि ती आणून टाकणाऱ्यांत विद्यापीठातले विद्यार्थी आहेत. या ढिगात डॉक्टर मॅग्नस हिर्शफेल्ड यांच्या संस्थेचं ग्रंथालयही आहे. माणसाच्या लैंगिकतेचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठी 1919 मध्ये उघडलेली ही संस्था. चारच दिवसांपूर्वी तिच्यावर नाझींची धाड पडली होती. हिर्शफेल्ड तेव्हा जर्मनीबाहेर होते. आपलं ग्रंथालय जळताना त्यांनी पाहिलं ते पॅरिसच्या एका चित्रपटगृहात, बातमीपटात.

(छायाचित्र: डोरा रिश्टर.)

या डोरा रिश्टर. जन्माच्या वेळी नोंद मुलगा म्हणून, पण जगल्या स्त्री म्हणून. संस्थेतच घरकाम करायच्या. 1931 मध्ये त्यांच्यावर योनी घडवण्याची शस्त्रक्रिया झाली. अशा शस्त्रक्रियांच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. धाडीनंतर त्यांचा माग लागेना, म्हणून कित्येक दशकं असंच लिहिलं गेलं की त्या तेव्हाच मारल्या गेल्या. अगदी अलीकडे जुनी दप्तरं चाळताना उलगडलं की त्या 1966 पर्यंत जगल्या. शस्त्रक्रियेनंतर पस्तीस वर्षं! एवढ्या काळात त्यांची हाडं, त्यांचं हृदय कसं होतं, काही त्रास होता का, हे कुणीही तपासलं नाही. त्या हयात आहेत हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

ट्रान्सजेंडर, म्हणजे जन्मनोंदीतलं लिंग आणि स्वतःची ओळख वेगळी असलेल्या, व्यक्तींच्या आरोग्यावरचं संशोधन आजही याच जागी अडतं. उपचार संपतात, फाइल बंद होते आणि माणूस दिसेनासा होतो.

(नोंदींची खोली. लोखंडी कपाटं. फाइल काढणारे हात.)

इथे चेहरे दिसणार नाहीत, फाइलींवरची नावंही झाकलेली आहेत. अशाच कागदी नोंदींपासून सुरू झालेला एक अभ्यास ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठ रुग्णालयात उभा राहिला. 1972 ते 2015 या काळात तिथल्या ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या क्लिनिकची पायरी चढलेली प्रत्येक व्यक्ती त्यात मोजली गेली. एकूण 6,793. कोणतं औषध दिलं, किती मात्रेत, कधी बदललं, हे सगळं एकेका फाइलीतून वेचायचं. मग रुग्ण क्लिनिकमध्ये यायचा थांबला तरी देशाच्या मृत्युनोंदणीशी आणि पेशीतपासणीच्या राष्ट्रीय नोंदींशी त्याची माहिती जुळवायची. नेदरलँड्समध्ये हे जमतं, कारण अशा नोंदी देशभर एकत्र ठेवल्या जातात. ज्या देशात त्या नाहीत, तिथे फाइल बंद झाली की विषय संपला.

(गोळ्यांच्या पट्ट्या. जवळून.)

या खटाटोपातून काय हाती लागतं, त्याचं एकच उदाहरण. सुरुवातीच्या काळात ट्रान्स स्त्रियांना, म्हणजे जन्मनोंदीत पुरुष पण स्वतःला स्त्री मानणाऱ्यांना, इथिनिल इस्ट्राडायोल दिलं जायचं. गर्भनिरोधक गोळ्यांत असतं तेच कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन. 1989 मध्ये ॲमस्टरडॅमच्याच डॉक्टरांनी लिहिलं की या स्त्रियांमध्ये रक्ताच्या गुठळ्यांचं प्रमाण फार जास्त आहे. 2011 मध्ये 1,331 जणांचा साधारण साडेअठरा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की हे औषध चालू असलेल्यांना हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका तिप्पट आहे. आज मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात, हे देऊ नका. दुसरी इस्ट्रोजेन आहेत, त्वचेवाटे देता येणारीही आहेत. पण हे समजायला त्या सगळ्या फाइली उघड्या राहाव्या लागल्या.

(संगणकाचा पडदा. ओळी सरकतायत.)

पडद्यावर नुसती अक्षरं आहेत, पण जरा थांबा. अमेरिकेतल्या कैसर परमनंटे या मोठ्या आरोग्यसेवेने जॉर्जिया आणि कॅलिफोर्नियातल्या आपल्या सभासदांमधून ट्रान्स व्यक्ती शोधल्या, त्या अशा. लाखो लोकांच्या नोंदी, आणि त्यात ‘ट्रान्सजेंडर’ असा रकानाच नाही. मग आधी निदानाचे सांकेतिक क्रमांक चाळले. त्यानंतर डॉक्टरांनी मोकळेपणाने लिहिलेल्या टिपणांत ठरावीक शब्द शोधले. पण तो शब्द रुग्णाबद्दल आलाय की रुग्णाच्या बहिणीबद्दल, हे संगणकाला काय कळणार! म्हणून नाव-गाव काढून टाकलेला तेवढाच मजकूर माणसांनी वाचला आणि ठरवलं. हाती आले 6,456 जण. त्यातल्या प्रत्येकासाठी त्याच वयाच्या, त्याच भागातल्या 10 सिस स्त्रिया आणि 10 सिस पुरुष निवडले. सिस म्हणजे जन्मनोंदीतलं लिंग आणि स्वतःची ओळख एकच असलेली माणसं.

2018 मध्ये निष्कर्ष आले. सिस पुरुषांच्या तुलनेत ट्रान्स स्त्रियांमध्ये शिरांतल्या गुठळ्या दोन वर्षांत हजारी सुमारे 4 ने जास्त, आठ वर्षांत हजारी जवळपास 17 ने जास्त. दोन वर्षांवर अभ्यास आटोपता घेतला असता, तर पहिलाच आकडा छापून सगळे मोकळे झाले असते.

(स्वीडनचं ओळखपत्र. शेवटचे अंक.)

स्वीडनमध्ये प्रत्येकाला ओळखक्रमांक असतो. शेवटून दुसरा अंक सम असेल तर स्त्री, विषम असेल तर पुरुष. कायदेशीर लिंग बदललं की क्रमांकही बदलतो. या नोंदींच्या आधारे 1973 ते 2003 या काळात शस्त्रक्रिया झालेल्या 324 जणांचा अभ्यास 2011 मध्ये आला. त्यांचा मृत्युदर सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त निघाला. उपचार निरुपयोगी आहेत हे दाखवायला हा अभ्यास आजही पुढे केला जातो. त्याच लेखात संशोधकांनी बजावलंय की उपचारांचा गुण येतो की नाही, हे यावरून ठरवता येणार नाही. तुलना सर्वसाधारण लोकांशी होती, उपचार न मिळालेल्या ट्रान्स व्यक्तींशी नव्हे. एवढं वाचायची तसदी फार थोडे घेतात.

कोणाशी तुलना करायची यावर आकडा कसा फिरतो ते पाहा. 2019 चा डच अभ्यास, हार्मोन घेणाऱ्या 2,260 ट्रान्स स्त्रिया, त्यांपैकी 15 जणींना पसरू शकणारा स्तनाचा कर्करोग. सिस पुरुषांशी तुलना केली तर धोका 46 पट. सिस स्त्रियांशी केली तर एक तृतीयांशाहूनही कमी.

(हाडांच्या घनतेची तपासणी. टेबलावरून सरकणारा यंत्राचा हात.)

हाडांची घनता मोजायला वेळ फारसा लागत नाही, दुखतही नाही. पण त्याआधी सॉफ्टवेअर विचारतं, स्त्री की पुरुष? कारण आकडा कोणत्या सरासरीशी ताडायचा, हे त्याला ठरवायचं असतं. बेल्जियमच्या गेंटमध्ये केलेल्या तपासण्यांत आढळलं की हार्मोन सुरू होण्याआधीच ट्रान्स स्त्रियांची हाडं त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा विरळ होती. औषधाचा एक थेंबही पोटात गेलेला नव्हता. या स्त्रिया खेळत, व्यायाम करत कमी होत्या. मैदानावर, व्यायामशाळेत त्यांना कसं वागवलं जात असेल, ते यंत्रात मोजता येत नाही. गेंट, ॲमस्टरडॅम, ऑस्लो, फ्लॉरेन्स अशी क्लिनिकं 2010 पासून एकाच पद्धतीने मोजमाप करू लागली आणि उपचारांच्या पहिल्या वर्षात ट्रान्स स्त्रियांची घनता थोडी वाढलेली दिसली. वीस वर्षांनंतर ती कुठे असेल, त्यासाठी याच माणसांना पुन्हा या टेबलावर यावं लागेल.

(काचेपलीकडे नळ्यांची रांग.)

2021 मध्ये ॲमस्टरडॅमच्या 4,568 जणांची मृत्यूची आकडेवारी आली. सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त मृत्यू, पाच दशकांत उतार नाही, कारणांमध्ये हृदयविकार, फुप्फुसाचा कर्करोग, एचआयव्ही, आत्महत्या. असं असूनही 2025 मध्ये अमेरिकेत या विषयावरच्या अनेक संशोधनांची सरकारी अनुदानं मध्येच तोडली गेली.

(फॉर्म. पेन धरलेला हात.)

या फॉर्मवर लिंगाबद्दल दोन प्रश्न आहेत. जन्माच्या वेळी काय नोंदवलं होतं? आणि आज तुम्ही स्वतःला काय मानता? पहिल्या अभ्यासापासून आतापर्यंत जेवढा घाम गाळावा लागला, त्यातला बराच या दोन ओळींनी वाचला असता. एकच प्रश्न विचारला आणि ट्रान्स पुरुषाने ‘पुरुष’ लिहिलं, तर गर्भाशयमुखाच्या तपासणीचं बोलावणं त्याला येत नाही, गर्भाशयमुख असलं तरी. ट्रान्स स्त्रीने ‘स्त्री’ लिहिलं, तर तिच्या प्रोस्टेटची आठवण कुणाला होत नाही. आणि पुढे वीस वर्षांनी कुणी अभ्यासाला बसलं, तर ही दोघं नोंदींत सापडतच नाहीत. मग पुन्हा डॉक्टरांच्या टिपणांत शब्द शोधायला माणसं बसवायची.