सोनपाखरू मातीत असतं तेव्हा

मंडळी, तुमच्यातल्या किती जणांनी लहानपणी काडेपेटीत सोनपाखरू, म्हणजे तो चमकत्या पाठीचा भुंगा, ठेवलं होतं? मागच्या रांगांमधून बरेच हात वर आले. पुढे बसलेल्या मुलांमधून मात्र एकही नाही.

आमच्याकडे श्रावण लागला की शाळेच्या वाटेवरची बाभळीची झाडं आम्ही फांदी फांदी धुंडाळायचो. सोनपाखरू सापडलं की काडेपेटीत बाभळीचा कोवळा पाला घालायचा, झाकणाला टाचणीनं भोकं पाडायची आणि पेटी दप्तरात. चार-पाच दिवसांत त्यात ज्वारीच्या दाण्याएवढी पिवळसर अंडी दिसायची. मग पिल्लं कधी येणार म्हणून रोज पेटी उघडून बघायची. पिल्लं कधीच आली नाहीत. सोनपाखरू मरायचं, अंडी वाळून जायची. असं का व्हायचं, हे मला फार उशिरा कळलं, आणि आज मी मुख्यतः तेच सांगायला आले आहे.

आधी हे बघा. हे सोनपाखराच्या पाठीवरचं कवच. आपल्याकडचं नाही, थायलंडमधलं आहे. हळूच धरा आणि खिडकीकडे तोंड करून तिरकं करत न्या. हिरवं दिसतं, मग निळसर होतं, कडेला सोनेरी झाक येते. या जातीचं नाव स्टर्नोसेरा इक्विसिग्नाटा. तिकडे याला 'मलेंग थाप' म्हणतात. हिरव्या पायांचा तो हा, आणि याचाच लाल पायांचा भाऊबंदही तिथे असतो. आपल्या बाभळीवरची सोनपाखरंही याच स्टर्नोसेरा कुळीतली. थायलंडमधलं पाखरू ज्या झाडांचा पाला खातं, त्यांत विलायती चिंच आणि सुबाभूळ आहेत. म्हणजे आपल्याच बांधावरची झाडं.

आता या कवचात हिरवा रंग किती आहे? हिरवा रंग म्हणून काहीच नाही. हे कवच कुटून पूड केलं, तर हाताला काळपट तपकिरी भुकटी लागेल. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा तवंग आठवा. तेलात इंद्रधनुष्य नसतं. पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही रंग उठून दिसतात आणि काही विझतात. सोनपाखराच्या कवचात असे अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात, आणि त्यांची जाडी ठरवते की कोणता रंग परत फिरेल. कवच तिरकं केलं की प्रकाशाची वाट बदलते, म्हणून रंग बदलतो. उन्हानं उडून जायला इथे हिरवं रंगद्रव्यच नाही, म्हणून ही झळाळी शतकानुशतकं टिकते.

माणसाच्या हे फार पूर्वी लक्षात आलं होतं. जपानमध्ये नाराजवळच्या होर्यूजी मंदिरात सातव्या शतकातला एक लाकडी देव्हारा आहे. त्याच्या जाळीदार धातूच्या पट्ट्यांखाली सोनपाखरांची कवचं बसवली होती. ती जात वेगळी, जपानी नाव 'तामामुशी'. आता त्यातली बहुतेक गळून गेली आहेत. जपानी भाषेत दोन्ही बाजूंनी अर्थ लावता येईल अशा बोलण्याला 'तामामुशी रंगाचं' म्हणतात. किड्याकडे इतकं नीट बघून केलेला वाक्प्रचार मला दुसरा माहीत नाही.

आपल्याकडे जम्मूच्या डोंगरातल्या बसोहलीच्या चित्रकारांनी सतराव्या शतकात नायिकांच्या दागिन्यांमध्ये पाचूच्या जागी या कवचाचे बारीक तुकडे चिकटवले. एकोणिसाव्या शतकात भारतातले कारागीर मलमलीवर ही कवचं टाचून भरतकाम करत आणि ते कापड विलायतेला जाई. 1888 मध्ये लंडनला एलेन टेरी या नटीनं लेडी मॅकबेथचं काम केलं, तेव्हा तिच्या हिरव्या झग्यावर अशी सुमारे हजार कवचं शिवलेली होती. तो झगा आजही जपून ठेवला आहे. आणि 2002 मध्ये ब्रसेल्सच्या राजवाड्यात यान फाब्र या कलावंतानं एका दालनाचं छत आणि झुंबर सोनपाखरांच्या सुमारे चौदा लाख कवचांनी मढवलं. ही थायलंडच्या बाजूची कवचं. तिकडे लोक हा किडा भाजून, तळून खातात आणि कवचं उरतात. राणी सिरिकित यांनी 1976 मध्ये सुरू केलेल्या हस्तकला प्रतिष्ठानानंही या कवचांपासून दागिने आणि टोपल्यांवरची नक्षी करायला उत्तेजन दिलं. हंगाम संपला की पाखरं आपणच मरून झाडाखाली पडतात. ती वेचली तर कुणाचा जीव घ्यावा लागत नाही. मला ही रीत मनापासून आवडते.

पण या पाखराला स्वतःला हा झगमगाट कशासाठी? एवढं चमकल्यावर पक्षी टिपणार नाहीत का? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ॲबट थेअर या अमेरिकन चित्रकारानं उलटंच म्हटलं होतं: बदलते, चमकते रंग लपायला मदत करतात. त्याची तेव्हा बरीच टिंगल झाली. 2020 मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं, आणि त्यासाठी कवचं वापरली ती याच थाई जातीची. खाली खाण्याजोगी अळी, वर कवच, अशी आमिषं त्यांनी जंगलातल्या पानांवर लावली. काहींवर खरी झळाळती कवचं, काहींवर एकाच स्थिर रंगाची नकली. पक्ष्यांच्या तावडीतून झळाळती जास्त वाचली. माणसांना शोधायला लावलं तर त्यांनाही तीच जास्त चुकवून गेली. तकतकीत पानावर तर फारच. डोळा आकार पकडायला जातो आणि रंग पाऊलागणिक बदलत राहतो, त्यामुळे किड्याची कड कुठे संपते आणि ओलं पान कुठे सुरू होतं ते ठरतच नाही. हे वाचलं त्या दिवशी मला आमची बाभूळ आठवली. समोरच्या फांदीवर बसलेलं पाखरू आम्हाला तीन-तीनदा बघूनही दिसायचं नाही, हे अगदी खरं होतं.

आता त्या अंड्यांकडे येते. सोनपाखराची मादी अंडी मातीत घालते. अळी जमिनीत उतरते आणि झाडाच्या मुळ्यांवर वाढते. ना रंग, ना चमक, फिकट पांढरी अळी. थाई जातीत अंड्यापासून पाखरापर्यंत साधारण दोन वर्षं जातात, आणि बाहेर आल्यावर उजेडात मिळतात जेमतेम दोन-तीन आठवडे. यांच्याच विस्तारित घराण्यातली, लाकूड पोखरणारी एक अमेरिकन जात आहे. तिची एक अळी इंग्लंडमधल्या एका घराच्या लाकडात राहिली आणि 51 वर्षांनी भुंगा होऊन बाहेर आली. चौदा लाख कवचांच्या छतामागे असा केवढा अंधारातला काळ असेल, याचा अंदाज करून बघा.

म्हणून बांधावरची बाभूळ जेसीबीनं मुळासकट निघते, तेव्हा जीव कळवळतो. त्या दिवशी झाडावर एकही सोनपाखरू नसतं. तोडणाऱ्याला वाटतं, नुसतं काटेरी झुडूप होतं. खाली मातीत पुढच्या श्रावणातली आणि त्याच्याही पुढच्या श्रावणातली पाखरं असू शकतात, मुळ्यांना धरून.

मुलांनो, तुम्हाला सोनपाखरू सापडलं तर जरूर हातावर घ्या. त्याच्या पायांची पकड तळव्याला जाणवू दे, उन्हात त्याला फिरवून बघा. मग त्याच झाडावर सोडा. आणि कुणी ते पेटीत ठेवलंच असेल आणि अंडी दिसली, तर ती त्याच झाडाच्या बुंध्याजवळ ओल्या मातीत ठेवून या. आम्हाला हे सांगणारं कुणी नव्हतं. आम्ही रोज पेटी उघडून बघत होतो, आणि त्यांना हवी होती ती माती शाळेच्या वाटेवर, बाभळीखाली होती.