साडेपाच फूट शांतता

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबई आकाशवाणीवरचे ‘प्रपंच’ आणि नंतरचे ‘पुन्हा प्रपंच’ ज्यांनी ऐकले, त्यांना पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे ते आवाज होते. एका मध्यमवर्गीय घरात तीन माणसे बोलत बसतात, एवढेच त्या कार्यक्रमाचे स्वरूप. पण त्या बोलण्यात बाजारातले भाव येत, शेजारची सोयरीक येत असे, सरकारचा एखादा नवा निर्णय येत असे, आणि आपल्याला कोणी शिकवीत आहे असे ऐकणाऱ्याला कधी वाटत नसे. आमच्या घरी आई फोडणी देता देता टेकाडे भावजींना उत्तर देत असे, आणि वडील वर्तमानपत्रातून डोके वर न काढता आईच्या उत्तराला उत्तर देत. म्हणजे रेडिओतले तिघे आणि घरातले दोघे अशी पाच माणसे त्या संभाषणात होती.

पुढे आकाशवाणीच्या एका केंद्रावर कौटुंबिक कार्यक्रमांची जबाबदारी अनेक वर्षे माझ्याकडे होती, आणि त्या सगळ्या काळात आमचे ते स्वयंपाकघर माझ्या डोळ्यांसमोरून हलले नाही. चालू घडामोडींवरचे संभाषण रेडिओवर सुरू होते आणि ऐकणाऱ्याच्या घरात पुरे होते. पुन्हा सांगते, कारण आजचे माझे सगळे सांगणे यावरच उभे आहे: संभाषण रेडिओवर सुरू होते आणि ऐकणाऱ्याच्या घरात पुरे होते. म्हणून ते पुरे करण्याची जागा ऐकणाऱ्यासाठी राखून ठेवणे हे कार्यक्रम करणाऱ्याचे पहिले काम आहे.

ही समज आपल्याकडे फार जुनी आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांसाठी शेतकऱ्यांच्या श्रवणमंडळांचा प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, असे २० कार्यक्रम प्रसारित झाले. गावातली पंधरा-वीस माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, आणि तो संपला की रेडिओ बंद करून आपसांत चर्चा करीत. चर्चेत निघालेले प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवले जात आणि पुढच्या कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळत. रेडिओ बंद केल्यानंतरची ती चर्चा हाच प्रयोगाचा गाभा होता. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली, आणि पुढे ही मंडळे देशभर सुरू झाली.

जाता जाता एक गोष्ट मनापासून सांगते. हल्ली माणूस बोलत असताना त्याच्या आवाजाखाली संगीत वाजवत ठेवण्याची पद्धत सर्रास झाली आहे, आणि ती मला मुळीच पटत नाही. माणसाचा श्वास, त्याचे अडखळणे, बोलता बोलता त्याने केलेला विचार हे सगळे त्या सतारीखाली आणि बासरीखाली दडपले जाते. ज्याला ऐकायचे आहे त्याला माणूस ऐकू द्यावा.

आता ज्या प्रसंगासाठी मी आज तुमच्यापुढे बसले आहे, त्याकडे वळते. साल होते १९९४. त्या वर्षी महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क दिला. त्याआधी वडिलांच्या पश्चात त्यांच्या हिश्श्यातला वाटा मुलीला मिळत असे; परंतु जन्मासोबत येणारा हक्क मुलाचाच होता. दुरुस्ती २२ जून १९९४ रोजी लागू झाली आणि तिच्यात एक अट होती. त्या तारखेपूर्वी जिचे लग्न झाले, तिला हा नवा हक्क नाही. तारीख ध्यानात असू द्यावी, श्रोतेहो: २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेली मुलगी या हक्काबाहेर.

या विषयावर आम्ही आधी स्टुडिओत एका वकिलांना बोलावले होते. त्यांनी कलमे नीट समजावून सांगितली, तरी कार्यक्रमाला एकही पत्र आले नाही. तेव्हा मी ठरवले, की हा विषय एखाद्या घरात जाऊन बोलायचा. ओळखीतून वाई तालुक्यातल्या एका वाडीतले शेतकरी कुटुंब मिळाले. घरात आबा, त्यांच्या पत्नी, दोन कर्ते मुलगे, एक सून, आणि दोन मुली. थोरलीचे लग्न होऊन सात वर्षे झाली होती आणि ती चार दिवसांसाठी माहेरी आली होती. धाकटीचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर व्हायचे होते. म्हणजे नव्या कायद्याच्या तारखेच्या अलीकडे एक मुलगी उभी होती आणि पलीकडे दुसरी.

मी खांद्याला उहेर टेपरेकॉर्डर अडकवून सकाळीच पोहोचले. सोप्यावर घोंगडी अंथरली होती. आबांनी धुतलेला फेटा बांधला होता, मुलगे इस्त्रीचे शर्ट घालून बसले होते, मुली दाराशी उभ्या होत्या. मी आबांच्या पत्नींना म्हटले, “मावशी, तुम्हीही या ना बोलायला.” त्या म्हणाल्या, “मला काय कळतंय बाई त्यातलं? तुमी बोला, मी भाकरी टाकते.” आणि त्या आत गेल्या.

ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि दोन मिनिटांतच माझे मन खट्टू झाले. सगळे जण व्यासपीठावर बसल्यासारखे बोलत होते. आबा म्हणाले, की लेकीला आम्ही काही कमी केले नाही. लग्नात दिले, पहिली बाळंतपणे केली, दर दिवाळीला साडीचोळी करतो. थोरला मुलगा म्हणाला, की कायदा चांगलाच आहे. धाकटी काहीच बोलली नाही. थोरलीला विचारले तेव्हा तिने मान खाली घालून सांगितले, की मला माहेर हवे, जमीन नको. मराठी घरांत हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकले असेल याची गणती नाही. वाटा मागितला तर भाऊबीज तुटेल ही धास्ती कोणत्याही कलमापेक्षा मोठी असते.

मात्र माझ्या कानांवर हेडफोन होता आणि माजघराचे दार उघडे होते. सोप्यावरच्या बोलण्यामागे काठवटीत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. थप, थप, थप, मग तव्यावर भाकरी पडल्याची चाहूल, पुन्हा थप, थप. सुरुवातीला मला तो व्यत्यय वाटला. मग ध्यानात आले, की तो आवाज मधूनच थांबतो. आबा लग्नाच्या खर्चाबद्दल बोलत होते तेव्हा तो चालू होता. मुलगा कायद्याबद्दल बोलू लागला आणि तो थांबला. थोरली “मला जमीन नको” म्हणाली तेव्हाही तो थांबला, आणि या खेपेस बराच वेळ थांबला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सोप्यापर्यंत आला. ज्यांना त्यातले काही कळत नव्हते, त्या मावशीच घरात सर्वांत लक्ष देऊन ऐकत होत्या.

मी मायक्रोफोन उचलला आणि सरळ आत गेले. चुलीपुढे पाट घेऊन बसले. त्यांच्या हाताला ज्वारीचे पीठ होते. मी काही विचारले नाही. मघाशी तारखेची अट मी सोप्यावर समजावून सांगितली होती, ती त्यांनी मला पुन्हा सांगायला लावली. मी सांगितली. त्यांनी हातातला उंडा काठवटीत ठेवला आणि म्हणाल्या, “थोरलीचं लगीन आदी केलं, म्हंजी ती माजी लेक न्हवं का?”

कोणी काही बोलले नाही. सोप्यावर आबा गप्प झाले होते, मुलगे गप्प होते, माझ्याजवळही उत्तर नव्हते. चुलीत लाकूड फुटल्याचा बारीक आवाज आला. मग त्यांनी उंडा उचलला आणि थापायला सुरुवात केली.

केंद्रावर परतल्यावर संपादन करताना मी ती शांतता मोजली. ती नऊ सेकंदांची होती. त्या वेळी संपादन म्हणजे फीत ब्लेडने तिरकी कापायची आणि टोके चिकटपट्टीने जोडायची. साडेसात इंच फीत सेकंदाला पुढे सरकते, म्हणजे नऊ सेकंदांची शांतता भरते सुमारे साडेपाच फूट. माझ्या वरिष्ठांचे म्हणणे पडले, की एवढी शांतता हवेत जाता कामा नये. यंत्र बंद पडले असे समजून लोक दुसरे केंद्र लावतील. नियमाप्रमाणे त्यांचे बरोबर होते. प्रक्षेपणात आवाज खंडित होणे हा दोषच मानला जातो, आणि ड्यूटी रूमच्या नोंदवहीत त्याची नोंद होते. मी त्यांना ती फीत दोनदा ऐकवली. दुसऱ्यांदा ऐकल्यावर ते काही वेळ बसून राहिले आणि म्हणाले, “राहू द्या, मात्र आधी निवेदनात सांगा, की प्रश्नानंतर घरात शांतता होती.” मी तसे निवेदन केले नाही, ही माझी जबाबदारी मी आजही घेते. ऐकणाऱ्याला आधीच सांगून ठेवले असते, तर त्या नऊ सेकंदांत त्याला स्वतःच्या घराकडे पाहण्याची गरज उरली नसती.

कार्यक्रम प्रसारित झाल्याच्या तिसऱ्या दिवसापासून पोस्टकार्डे येऊ लागली. वकिलांच्या कार्यक्रमाला एकही पत्र आले नव्हते. मावशींच्या प्रश्नाला टेबलाचा खण भरून पत्रे आली. एका शिक्षकांनी लिहिले, की त्यांच्या पत्नीने त्या शांततेत रेडिओ बंद केला आणि विचारले, “आपल्या ताईंचं काय?” एका बहिणीने लिहिले, की तिच्या भावाने तो कार्यक्रम ऐकला आहे हे तिला ठाऊक आहे, आणि तो त्यावर एक अक्षर बोललेला नाही. एका गृहस्थांनी मला खडसावले, की तुम्ही घरे फोडायला निघाला आहात. मी त्यांचेही पत्र वाचून दाखवले, पूर्ण, एकही शब्द न गाळता. ज्यांचे म्हणणे आपल्याला पटत नाही त्यांचे पत्र अर्धे वाचू नये, असे मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगत आले. ऐकणाऱ्याच्या घरात संभाषण पुरे व्हायचे असेल, तर त्यात विरोधही पुरा ऐकू आला पाहिजे.

कायद्याचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्र सरकारची दुरुस्ती देशभर लागू झाली. तीत मुलीला जन्मतः हक्क आहे आणि लग्न कधी झाले याची अट नाही. त्या दिवशी वडील हयात असण्याचीही गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. म्हणजे मावशींच्या प्रश्नाला कायद्याने उत्तर द्यायला अकरा वर्षे लागली.

ते उत्तर आल्यानंतर काही वर्षांनी मला एक आंतर्देशीय पत्र आले. ते धाकटीचे होते. आबा गेले होते. तलाठ्याकडे वारसनोंद करायची वेळ आली, तेव्हा भावांनी दोघी बहिणींसमोर हक्कसोडपत्राचा मसुदा ठेवला, आणि थोरली सही करायला तयारही झाली. त्या वेळी मावशी भावांना म्हणाल्या, “आदी दोघींची नावं सातबाऱ्यावर लागू देत. मग सोडायचं का ठेवायचं ते त्येंचं त्या बघतील.” नावे लागली. पत्र लिहिले त्या दिवसापर्यंत थोरलीने सही केली नव्हती, आणि भाऊबीजेला दोन्ही भाऊ तिच्याकडे जाऊन आले होते.

पत्राच्या शेवटी तिने विचारले होते, की ते ध्वनिमुद्रण अजून आहे का. आईला आता नीट ऐकू येत नाही, पण आम्हाला तिचा त्या दिवसाचा आवाज हवा आहे. मूळ फीत केव्हाच दुसऱ्या कार्यक्रमासाठी वापरली गेली होती. मी मात्र त्या वेळी एक कॅसेट करून घेतली होती. तिची दुसरी प्रत काढून मी रजिस्टर टपालाने वाडीला पाठवली, आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिले, की मध्येच आवाज थांबला तर कॅसेट खराब झाली असे समजू नका, पुढे चालू द्या.