दोन गाण्यांच्या मधला माणूस

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडे संपादित)

नमस्कार मंडळी,

आज मी जॉनी लिव्हरबद्दल बोलणार आहे असं कळल्यावर एक-दोघांनी मला फोन करून विचारलं, की मराठी मंडळाच्या मेळाव्यात जॉनी लिव्हर कशाला? घर तेलुगू, सिनेमे हिंदी. खरं आहे. पण हा कलाकार घडला तो मुंबईत, आणि ज्या ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर तो तयार झाला ते स्टेज आपल्यापैकी निम्म्या लोकांनी गणपतीत सतरंजीवर बसून पाहिलेलं आहे. शिवाय आज संध्याकाळी आपल्याच घरातली मुलं पहिल्यांदा स्टँड-अप करणार आहेत. त्यांच्या आधी या माणसाबद्दल कुणीतरी बोलायला हवं, असं मला मनापासून वाटलं.

जॉन प्रकाश राव जनुमाला हे त्याचं खरं नाव. जन्म 14 ऑगस्ट 1957 चा, कुटुंब आंध्रातलं. वाढला किंग्ज सर्कल आणि धारावीच्या पट्ट्यात. वडील हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात ऑपरेटर. घरात दारूचा त्रास होता, पैसा टिकत नसे, हे त्यानेच मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलंय. सातवीपर्यंत आंध्रा एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत गेला आणि मग शाळा सुटली. पोटासाठी जी कामं केली त्यातलं एक म्हणजे रस्त्यावर पेनं विकणं. इतर पोरं ‘पेन घ्या, पेन घ्या’ ओरडायची. हा सिनेनटांच्या आवाजात बोलायचा, त्यांच्यासारखा नाचायचा आणि पेन विकायचा.

मी सायनला वाढले, त्यामुळे हा रस्ता मला डोळ्यांसमोर दिसतो. तिथे कुणाला थांबायला वेळ नसतो. ऑफिसातून सुटलेल्या माणसाचं लक्ष गाडीकडे असतं. त्याची मान वळेल असं काहीतरी दोन-तीन सेकंदांत करायचं, मान वळली की हसवायचं, हसला की पेन पुढे करायचं. ज्याला हे जमलं त्याला पुढे कुठल्याही प्रेक्षकाची भीती वाटायचं कारण नाही. वयाची थोडी वर्षं हैदराबादला काढली, तिथली बोली आणि तिथला विनोदाचा ढंगही त्याने उचलला.

मग वडिलांच्याच कारखान्यात तो कामगार म्हणून लागला. शंभर-शंभर किलोचे ड्रम हलवायचं काम. आजूबाजूला कामगार, मुकादम, साहेब, युनियनचे पुढारी. प्रत्येकाची चालायची पद्धत वेगळी, चिडायची वेगळी, मराठी-हिंदी-इंग्रजीची खिचडी करायची तऱ्हा वेगळी. कंपनीच्या एका कार्यक्रमात त्याने स्टेजवर जाऊन साहेब लोकांच्या नकला केल्या आणि सगळं सभागृह डोक्यावर घेतलं. कामगारांनीच त्याला ‘जॉनी लिव्हर’ म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव पुढे पडद्यावर आलं.

त्या प्रसंगाचा मी बरेचदा विचार करते. वर साहेबाची नक्कल चालू आहे, आणि साहेब समोरच्या रांगेत बसलेत. नक्कल बोचरी झाली तर नोकरीवर गदा यायची, आणि अगदीच मिळमिळीत झाली तर मागे बसलेले सहकारी हसायचे नाहीत. दोन्हीकडच्या लोकांना एकाच वेळी हसवायचं असेल तर ज्याची नक्कल करतोय त्याच्याबद्दल पोटात थोडी माया असावी लागते. जॉनीच्या उत्तम कामात ही माया नेहमी दिसते.

आता ऑर्केस्ट्राबद्दल. इथे वाढलेल्या मुलांसाठी थोडं सविस्तर सांगते. सत्तर-ऐंशीच्या दशकात मुंबईत, पुण्यात, अगदी तालुक्याच्या गावातसुद्धा सिनेसंगीताचे ऑर्केस्ट्रा असायचे. गणपतीत, नवरात्रात, कारखान्याच्या स्नेहसंमेलनात, मोठे असतील तर षण्मुखानंदसारख्या सभागृहात. लोक यायचे गाण्यांसाठी. पण गायकांना घोटभर पाणी प्यायला, वादकांना सूर जुळवायला, दुसरी जोडी स्टेजवर यायला वेळ लागतो. त्या फटीत निवेदक ‘मिमिक्री आर्टिस्ट’ची घोषणा करायचा. तो बिचारा एकटा, हातात वाद्य नाही, पाठीशी संगीत नाही. समोरून कुणीतरी ओरडतंय, ‘गाणं होऊ द्या!’ बऱ्याच जणांचा आयटम ठरलेला असे: अशोक कुमार, राजकुमार, प्राण, देव आनंद एका ठिकाणी भेटले तर काय बोलतील? आवाज ओळखला की टाळी, टाळी पडली की पुढचा आवाज.

जॉनी याच फटीत उभा राहिला आणि तिथे त्याने माणसं आणली. नटांचे आवाज होतेच, पण त्यांच्या जोडीला गल्लीतली, कारखान्यातली, लोकलमधली माणसं आली. आणि आवाजाइतकंच शरीर बोलायला लागलं. खांदे, मान, डोळे, नाचताना मध्येच थबकणारे पाय. कल्याणजी-आनंदजींच्या कार्यक्रमांत त्याला जागा मिळाली. 1981 मध्ये त्याने कारखान्याची नोकरी सोडली, आणि 1982 मध्ये अमिताभ बच्चनबरोबर परदेश दौरा केला. बांधलेला पगार सोडायचा हा निर्णय त्या घरासाठी किती मोठा होता, हे मुंबईत कंपनीच्या नोकरीवर ज्यांची घरं उभी राहिली त्यांना वेगळं सांगायला नको.

त्याच काळात त्याची ‘हँसी के हंगामे’ ही कॅसेटही आली. ज्यांना त्याचं स्टेज पाहायला मिळालं नाही, त्यांना तो आधी आवाजातूनच भेटला. आमच्या चाळीत एका घरी टेपरेकॉर्डर होता आणि त्या घराच्या दारात आम्ही गर्दी करायचो. चेहरा माहीत नव्हता. तरी बोलणारा माणूस कसा उभा असेल, हात कुठे असतील, हे दिसायचं. फक्त आवाजातून हे दाखवणं फार अवघड आहे, आणि त्याबद्दल त्याचं पुरेसं कौतुक झालं नाही असं माझं मत आहे.

सिनेमात त्याला पहिली मोठी संधी सुनील दत्त यांनी दिली, 1982 च्या ‘दर्द का रिश्ता’मध्ये. पण खरा दरवाजा उघडला तो पुन्हा स्टेजवरूनच. 1986 मध्ये ‘होप 86’ नावाचा मदतनिधीचा कार्यक्रम झाला. सगळी हिंदी सिनेसृष्टी समोर बसलेली. तिथे जॉनीला बोलावलं होतं ते फिलर म्हणून, दोन मोठ्या आयटमच्या मधली वेळ भरून काढायला. त्याने ती वेळ अशी भरली की निर्माते गुल आनंद यांनी त्याला ‘जलवा’ देऊ केला, नसीरुद्दीन शहाबरोबर. मला त्याच्या आयुष्यातली ही सर्वांत महत्त्वाची संध्याकाळ वाटते. ज्या फटीत तो ऑर्केस्ट्रात उभा राहायला शिकला, तशाच फटीतून तो सिनेमात गेला.

आणि गंमत म्हणजे सिनेमानेही त्याला बरीच वर्षं फटच दिली. नव्वदच्या दशकातले हिंदी सिनेमे आठवा. मुख्य कथा एकीकडे आणि विनोदाचा वेगळा ‘ट्रॅक’ दुसरीकडे. कथेत मारामारी, सूड, रडारड झाली की प्रेक्षकांना श्वास घ्यायला जागा हवी, म्हणून हे प्रसंग. अनेकदा ते नीट लिहिलेलेही नसत, सेटवर जाऊन त्यानेच काहीतरी उभं करायचं असे.

‘बाजीगर’चंच घ्या, 1993 चा. हा सूडाचा सिनेमा, त्यात खून आहेत. त्या घरात बाबूलाल नावाचा विसराळू नोकर. कागदावर यात काही नाही, हिंदी सिनेमात असे नोकर ढिगाने झाले. पण जॉनीचा बाबूलाल बघा. त्याला आपण विसरलोय हे माहीतच नसतं. पूर्ण आत्मविश्वासाने, घाईघाईत, अगदी मन लावून तो चुकीचं काम करतो. कुणी टोकलं की त्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा येत नाही, येतो तो विचार: अरेच्चा, असं कसं झालं? हे निरीक्षण आहे. खरी विसराळू माणसं अशीच असतात, माझ्या घरातही होती. त्या भूमिकेतलं पुष्कळसं आपण स्वतःच सेटवर घडवलं, असं त्याने सांगितलंय, आणि ते पाहताना पटतं, कारण आजूबाजूच्या सिनेमाचा सूर पूर्ण वेगळा आहे.

‘दीवाना मस्ताना’ आणि ‘दूल्हे राजा’ या दोन सिनेमांसाठी त्याला विनोदी भूमिकेचे फिल्मफेअर मिळाले. नामांकनं तेरा. ‘दूल्हे राजा’मध्ये कादर खान हॉटेलचे मालक आणि जॉनी त्यांचा मॅनेजर बांके. वरच्याची मर्जी राखत खालच्यांशीही सूत जुळवणारा हा माणूस बघताना मला कारखान्यातला तो कार्यक्रम आठवल्याशिवाय राहत नाही. तीनशेहून जास्त सिनेमे केले त्याने. सगळ्यांबद्दल बोलायची गरज नाही. पुष्कळसे विसरण्याजोगे आहेत.

आणि काही आज बघवत नाहीत, हेही बोलायला हवं. रंगावरून, तोतरेपणावरून, दक्षिणेतल्या माणसाच्या हिंदीवरून केलेले विनोद त्यात आहेत. ते संवाद दुसऱ्यांनी लिहिले असतील, पण पडद्यावर तो होता. मला वाईट वाटतं ते यासाठी, की स्टेजवर माणसाचे इतके बारकावे टिपणाऱ्या कलाकाराकडून सिनेमाने वारंवार तेच भडक काम करून घेतलं. लोक त्याला ‘ओव्हरॲक्टिंग’ म्हणतात. ज्याला दोन मिनिटं मिळतात आणि त्यात थिएटर हलवायचं असतं, तो आवाज चढवणारच. त्याला निवांत दोन तास कुणी दिले? ‘लव्ह के लिये कुछ भी करेगा’मध्ये हिरो होण्याचं वेड असलेला अस्लम भाई त्याला मिळाला, तेव्हा जरा ऐसपैस जागा मिळाल्यावर तो काय करू शकतो ते दिसलं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहा.

पुढे दिवस बदलले. हिरो स्वतःच विनोद करायला लागले, वेगळा ट्रॅक गेला. आपले प्रसंग गाजतात म्हणून काही नट अस्वस्थ व्हायचे आणि मग ते प्रसंग कापले जायचे, हेही त्याने मुलाखतींत सांगितलंय, कुणाचं नाव न घेता. फिल्मफेअरने 2007 नंतर विनोदी भूमिकेचा पुरस्कारच बंद केला. ‘गोलमाल 3’मध्ये तो पुन्हा विसराळू होऊन आला, पप्पी भाई म्हणून, आणि ज्या पोरांनी ‘बाजीगर’ पाहिला नव्हता तीही खदाखदा हसली.

दरम्यान मुलाच्या गंभीर आजारपणानंतर तो श्रद्धेकडे वळला, आणि त्याबद्दल तो उघडपणे बोलतो. पण स्टेज त्याने कधी सोडलं नाही, याचं मला सगळ्यात जास्त अप्रूप आहे. सिनेमात नाव झाल्यावरही तो देशोदेशी कार्यक्रम करत राहिला. मुंबईतल्या मिमिक्री कलाकारांच्या संघटनेचं अध्यक्षपदही सांभाळलं, म्हणजे त्या फटीत उभ्या राहणाऱ्या इतरांना तो विसरला नाही. त्याची मुलगी जेमी लंडनला शिकली, आणि नंतर तीही स्टँड-अपमध्येच आली. बापलेक एकाच स्टेजवर कार्यक्रम करतात. बापाला दोन गाण्यांच्या मधली दहा मिनिटं मिळायची, लेकीच्या नावावर तिकिटं विकली जातात.

आता आपल्याकडे येते. आज संध्याकाळच्या पहिल्या कार्यक्रमपत्रिकेत आपल्या मुलांचं स्टँड-अप अंताक्षरी आणि लकी ड्रॉच्या मध्ये होतं, ‘स्टेज लावेपर्यंत’ अशी टीप घालून. मी कार्यकारिणीला विनंती केली, आणि त्यांनी ती लगेच मान्य केली, त्याबद्दल त्यांचे आभार. आता त्यांना जेवणाआधी सलग वेळ मिळणार आहे. तेवढा वेळ मागचं चहाचं टेबल बंद राहील आणि हॉलचे दिवे मंद केले जातील. स्वयंसेवकांनी कृपया त्या वेळी खुर्च्या हलवू नयेत. मुलांनी आपापल्या घरातल्यांच्या नकला बसवल्या आहेत असं कानावर आलंय, तेव्हा आईबाबा आणि आजी-आजोबांनी अगदी पुढच्या रांगेपासून बसायला सुरुवात करा.